बॅटरी बसली डिसेंबरात, गेली होती मे महिन्यातच

निफाडचा पारा एक आकडी झाला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि नाशिकच्या सोसायट्यांमधल्या पार्किंगमधून सकाळी टक-टक-टक असा आवाज यायला लागतो. परवा तो आवाज माझ्याच गाडीतून आला.

"काका, थंडीने बॅटरी गेली," वरच्या मजल्यावरचा ओंकार म्हणाला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचंही तेच मत. दुपारी बॅटरीच्या दुकानात गेलो, तर तिथलाही म्हणाला, "दादा, थंडी आहे ना, आता रोजच येणार."

थंडीत बॅटऱ्या बसतात हे तिघांचं म्हणणं खरं आहे. पण त्या थंडीने जात नाहीत. माझी बॅटरी बहुतेक मे महिन्यातच गेली होती. डिसेंबरात फक्त बातमी आली. हे नीट कळलं तर नवीन बॅटरी घेताना दुकानात काय विचारायचं तेही आपोआप कळतं, म्हणून हा लेख.

सकाळी आधी मल्टिमीटर लावला. १२.३ व्होल्ट. "बारा आहेत की!" ओंकार म्हणाला. त्याला आत बसवलं आणि मी सांगतो तेव्हा चावी फिरव म्हटलं. त्याने सेल्फ मारला. टक्. आकडा १२.३ वरून ७.८ वर आदळला, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले. चावी सोडली तर पुन्हा १२.२, जणू काही झालंच नाही.

गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण खाली येणाऱ्या पाइपात क्षार बसलेत असं समजा. नळ बंद असेल तोवर दाब पूर्ण असतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार. न वापरता मोजलेले व्होल्ट म्हणजे बंद नळाचा दाब. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० ॲम्पिअर ओढतो. बॅटरीच्या आतला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, ०.०३ ओहम झाला असेल, तर १५० गुणिले ०.०३, म्हणजे साडेचार व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात. १२.३ वजा ४.५ म्हणजे ७.८. धडधाकट बॅटरीत हा रोध याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच असतो. मग माझ्या बॅटरीत एवढे क्षार आले कुठून?

इथून पुढचा भाग मला फार आवडतो, त्यामुळे जरा लांबेल.

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. तेव्हा मोटारगाडीच जन्मली नव्हती. आजही आपल्या बॅटरीत तेच रसायन आहे: सहा कप्पे, प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्ट, एकूण १२.६. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या प्लेटा असतात. एकीवर स्पंजसारखं सच्छिद्र शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, आणि मध्ये गंधकाम्ल, म्हणजे बॅटरीवाल्याचं ॲसिड. बॅटरी वीज देते तेव्हा गंमत अशी होते की दोन्ही प्लेटांवर एकच पदार्थ तयार होतो, लेड सल्फेट. ॲसिड खर्च होतं आणि पाणी तयार होतं. म्हणूनच जुने बॅटरीवाले काचेच्या नळीतला हायड्रोमीटर बुडवून सांगायचे की बॅटरी किती उतरलीय. भरलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता पाण्याच्या सुमारे १.२७ पट असते, उतरली की ती १.१२ च्या आसपास येते.

चार्जिंग करताना हेच सगळं उलटं घडायला हवं. सल्फेट किंचित विरघळतं, त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, प्लेटेपर्यंत पोचतात आणि पुन्हा शिसं किंवा डायऑक्साइड होतात. यातला 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा, कारण लेड सल्फेट विरघळायला महाकंजूष. काम चालतं ते त्याचे स्फटिक अतिशय बारीक असतात म्हणून. एक मिलिमीटरचा घन कापून त्याचे एक मायक्रॉनचे तुकडे केले तर अब्जभर घन होतात आणि विरघळायला मिळणारा पृष्ठभाग हजारपट होतो.

आता फ्रीजरमधली कुल्फी आठवा. आणली तेव्हा मऊ होती, पण दोन आठवडे मागच्या कोपऱ्यात राहिली, मध्ये चारदा लाइट गेली, आणि आता दाताखाली बर्फ कचकचतो. पाणी बाहेरून आलेलं नाही. बारीक स्फटिक विरघळले आणि मोठे त्यांच्या जिवावर पोसले. याला ऑस्टवाल्डचं पक्वन म्हणतात. लहान स्फटिकाचे बरेचसे कण पृष्ठभागावर आणि कोपऱ्यांवर असतात, त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी. त्यामुळे ते सहज सुटतात. म्हणजे एकाच पदार्थाच्या लहान स्फटिकाची विद्राव्यता मोठ्याहून थोडी जास्त, आणि ही जास्तीची विद्राव्यता ढोबळमानाने त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या निम्मी झाली की हा फरक दुप्पट. सुटलेले कण द्रवात फिरतात आणि मोठ्या स्फटिकावर जाऊन बसतात. लहान आणखी लहान होत संपतात, मोठे आणखी मोठे होतात.

अर्धवट उतरलेल्या बॅटरीत आठवडेच्या आठवडे हेच चालू असतं. शेवटी उरतात ते जाडे, कडक स्फटिक, ज्यांचा पृष्ठभाग इतका कमी की चार्जिंगला ते दादच देत नाहीत. वर सल्फेट विजेचा वाहक नाही, आणि ज्या शिशापासून ते झालं त्याच्या दुपटीहून जास्त जागा खातं. प्लेटेची छिद्रं बुजतात. पाइपातले क्षार ते हेच.

मग यात मे महिना कुठून आला? रासायनिक क्रियांचा वेग तापमानाने कसा वाढतो याचं सूत्र स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलं. त्याचा कामचलाऊ अर्थ असा की दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट. नाशिकला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि मुंबई नाक्याच्या जाममधून निघून गाडी उन्हात लावली की बॉनेटखाली पन्नास-साठ अंश सहज होतात. स्फटिक वाढतात, पाणी उडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटेचा आतला सांगाडा, ती शिशाची जाळी, गंजते. गंज म्हणजे पुन्हा शिशाचा डायऑक्साइडच. तो शिशापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त जागा घेतो, म्हणून जाळी फुगते, ताणली जाते आणि वरचा मसाला सुटून खाली पडतो. हे नुकसान कुठलाही चार्जर भरून काढत नाही.

पण मे महिन्यात इंजिन ऑइल पातळ असतं, रसायनही चपळ असतं, म्हणून अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी सुरू करून देते. डिसेंबरात ऑइल दाट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीचं रसायन मंदावतं. झाकलेलं उघडं पडतं, एवढाच थंडीचा गुन्हा.

माझा गुन्हा वेगळा. दिवाळीत गाडी इथे ठेवून आम्ही वीस दिवस मुलीकडे पुण्याला होतो. उभ्या गाडीतही अलार्म, घड्याळ, रिमोटचं यंत्र थोडी वीज पीत असतात. ३० मिलिॲम्पिअर धरा. दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-तास, वीस दिवसांत चौदा. बॅटरीची क्षमताच ३५ ॲम्पिअर-तासांची. आलो, तेव्हा गाडी सुरू झाली म्हणून मी निर्धास्त. पुढे रोज घर ते इथलं द्वारका सर्कल आणि परत.

"गाडी सुरू करण्यातच बॅटरी संपते" हाही एक लाडका समज आहे. १५० ॲम्पिअर दोन सेकंद म्हणजे जेमतेम ०.०८ ॲम्पिअर-तास. डायनामो तेवढं मिनिटभरात परत भरतो. खरी अडचण मोठी तूट भरून काढण्याची. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरते, उरलेले वीस टक्के सावकाश, तासन्‌तास घेत. रोजच्या पंधरा मिनिटांत, त्यातली निम्मी द्वारका सर्कलला उभं राहून आणि दिवे-पंखा चालू ठेवून, ते वीस टक्के कधी भरतच नाहीत. तेवढं सल्फेट कायमचं कुल्फी होत बसतं.

यावर बाजारात एक उपाय असतो: पुडी. "सेलमध्ये टाका, सल्फेट विरघळतं, बॅटरी नवी." ही पुडी फार जुनी आहे. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची अशीच पावडर विकली जायची, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं. तिथल्या सरकारी मानक संस्थेने तपासून सांगितलं, उपयोग शून्य. विक्रेत्याने ओरड केली आणि १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच पदावरून जायला सांगितलं गेलं. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले, आणि विज्ञान अकादमीच्या समितीने पुन्हा तपासून संस्थेचंच म्हणणं खरं ठरवलं. सल्फेटने बुजलेल्या बॅटरीत आणखी सल्फेट ओतायचं, ही कल्पना सत्तर वर्षांनंतरही विकली जाते याचं मला कौतुक वाटतं.

ओंकारने बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीबद्दलही मी गप्प बसलो नाही. लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली तर खरोखर ०.९ व्होल्ट मिळतात. चौदा लिंबं ओळीने जोडली की बाराच्या वर. फक्त प्रवाह एखादा मिलिॲम्पिअर, त्यामुळे सेल्फ फिरवायला एकवीस लाखांच्या आसपास लिंबं लागतील. एका लिंबावर विसंबून राहू नये.

आता दुकानात. त्याआधी एक गोष्ट घरीच बघा. जंपरने, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून, गाडी सुरू झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेराच्या खाली असतील तर डायनामो किंवा पट्टा बघा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल. (काही नव्या गाड्या हा आकडा मुद्दाम वरखाली करतात, तिथे मेकॅनिकलाच विचारा.)

बॅटरीवर ३८बी२०एल असं काहीतरी छापलेलं असतं. बरेच जण ३८ म्हणजे ॲम्पिअर-तास समजतात. तसं नाही, तो दमाचा दर्जा आहे. अशा बॅटरीची क्षमता आपल्याकडे बहुधा ३५ ॲम्पिअर-तास असते. 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि 'एल' किंवा 'आर' हे प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवणारे महाभाग असतात. जुनीवर जे छापलंय तेच घ्या, क्षमता कमी करू नका. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिची खास बॅटरीच लागते, तिथे स्वस्तातली साधी चालत नाही.

सीसीए (कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर) नावाचा एक आकडा विक्रेते जोरात सांगतात. उणे १८ अंशांना ३० सेकंद किती ॲम्पिअर देऊनही बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तो हा आकडा. उणे १८ निफाडलाही नाही. तरी तो बघावा, कारण तो आतला रोध किती कमी आहे हेच वेगळ्या भाषेत सांगतो. पण दोन बॅटऱ्यांत वीस-तीसच्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका.

मी पैसे मोजतो ते ताजेपणासाठी. बॅटरीचं वय बिलाच्या तारखेपासून नाही, कारखान्यातून सुरू होतं. दुकानाच्या फळीवर बसूनही ती आपोआप उतरत असते, आणि उतरलेली बॅटरी उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात राहिली तर आतमध्ये काय शिजतं ते वर सांगितलंच. प्रत्येक कंपनी उत्पादनाची तारीख आपापल्या पद्धतीने कोरते, विक्रेत्याला ती वाचता येते. न आल्यास दुसरं दुकान. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहाच्या पुढची मी घेत नाही.

दुकानदाराने पुढची बॅटरी काढून काउंटरवर ठेवली. मी मीटर काढला तसा तो हसला. १२.३८. तारीख मार्चची. "दादा, चार्ज करून देतो ना." मी नको म्हटलं. तो मागे गेला, पाच मिनिटांनी धूळ नसलेली एक घेऊन आला. ऑक्टोबरची, १२.७१.

वॉरंटी ४८ महिने. त्यातले किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने नुसती सूट, ते कार्डावर वाचून घेतलं, शिक्का आणि सिरियल नंबर टाकून घेतला. जुनी तिथेच जमा केली. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात शिसं वितळताना जो धूर होतो तो पोरांच्या मेंदूत जातो. दोनशे रुपये जास्त मिळाले तरी तिकडे देऊ नये. 'रिकंडिशन' म्हणून मिळते तिचीही जाळी गंजलेलीच असते.

बसवायला आलेल्या पोराने आधी मायनस काढला, मग प्लस. प्लस काढताना पान्हा बॉडीला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. लावताना आधी प्लस. वरची पट्टी त्याने गच्च आवळली, हलवून बघितलं. खड्ड्यांत सैल बॅटरी हिंदकळली की प्लेटांचा मसाला झडतो.

ओंकारने पुन्हा सेल्फ मारला. मीटर १०.८ पर्यंत उतरला, इंजिन लागलं आणि आकडा १४.३ वर जाऊन स्थिरावला. १०.८ आणि तारीख मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलीय. पुढच्या जूनमध्ये, उन्हाळा संपला की, पहिल्या सकाळी परत मोजणार आहे.