‘लास मेनिनास’ची अनुकृती (तैलचित्रण-अभ्यास)

माणसांनी भरलेल्या दालनाचे एखादे वास्तववादी चित्र समोर ठेवून त्याची प्रत करत तैलरंग शिकण्याची यूरोपीय रीत. या अभ्यासासाठी स्पॅनिश दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ (१६५६) इतके कसाला लावणारे चित्र क्वचितच सापडेल. ३१८ × २७६ सेंमी.चे हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

राजवाड्यातल्या दालनात पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिच्या दोन सख्या, मारी-बार्बोला आणि निकोलासितो ही ठेंगणी माणसे, निवांत पडलेला कुत्रा, मागे दोन सेवक, दारातल्या पायऱ्यांवर राणीचा दरबारी होसे निएतो, आरशात राजा-राणी आणि डावीकडे भल्या थोरल्या कॅनव्हाससमोर स्वतः चित्रकार. एकूण ११ माणसे. शिकणारा साहजिकच राजकन्येच्या चेहऱ्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. गर्दी रंगवायची तर आधी रिकामी जागा रंगवावी लागते. या चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे छत, भिंत आणि अंधार. त्या अंधारातल्या छटा जमल्याशिवाय खालची माणसे एका खोलीत उभी असल्यासारखी वाटतच नाहीत.

म्हणून मूळ चित्रावर चौकटी आखून ते लहान प्रमाणात उतरवतात. तिसऱ्या हिश्शाने घेतल्यास कॅनव्हास १०६ × ९२ सेंमी.चा होतो. करड्या-तपकिरी अस्तरावर (कॅनव्हासवर आधी दिलेल्या रंगाच्या थरावर) पातळ रंगाने फक्त मोठे गडद-उजळ भाग मांडायचे. डोळे किलकिले करून पाहिले की उजवीकडच्या खिडकीचा उजेड आणि मागच्या दाराचा उजेड वेगवेगळे दिसू लागतात. दारातला उजेड छोटा असला तरी लख्ख आहे, आरशातला मंद. या दोहोंतला फरक चुकला तर दालनाची सगळी खोली जाते.

रंगपेटी मोठी लागत नाही. सफेदा, पिवडी, गेरू, हिंगूळ, हाडांचा काळा आणि थोडा निळा एवढ्यावर बरेच काम भागते. काळा रंग उशिरा वाळतो, उंबर हा तपकिरी मातीचा रंग लवकर. त्यामुळे खालच्या थरात तेल कमी आणि वर जास्त, हा नियम पाळला नाही तर पुढे रंगाला तडे जातात. अंधार पातळ, उजेड जाड. राजकन्येच्या झग्यावरची चंदेरी वेलबुट्टी जवळून पाहिली तर नुसते सुटे फटकारे दिसतात, चार पावले मागे गेल्यावर त्यांची नक्षी होते. छापील प्रतीत हे फटकारे सपाट होतात आणि काळोखातल्या छटा एकमेकींत मिसळतात. मूळ चित्र पाहता येत नसेल तर निदान संग्रहालयाने प्रसिद्ध केलेली मोठी, स्पष्ट छायाचित्रे वापरावीत.

मागच्या भिंतीवर अंधारात टांगलेली दोन मोठी चित्रेही अनुकृतीच आहेत: रूबेन्स आणि योर्दान्स या फ्लेमिश चित्रकारांच्या चित्रांवरून वेलास्केसचा जावई हुआन मार्तिनेस देल मासो याने केलेल्या. स्वतः रूबेन्सने १६२८-२९ मध्ये माद्रिदला राजसंग्रहातल्या इटालियन चित्रकार टिशियनच्या चित्रांच्या प्रती केल्या, तेव्हा वेलास्केस तिथेच दरबारात होता. नक्कल म्हणजे कमअस्सल काम, ही समजूत त्या काळच्या चित्रशाळांना नव्हती.

स्पॅनिश चित्रकार गोयाने १७७८च्या सुमारास वेलास्केसच्या चित्रांवरून अम्लरेखने (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रे) केली, त्यांत ‘लास मेनिनास’ही होते. पुढे १८००च्या ‘चौथ्या चार्ल्सचे कुटुंब’ या चित्रात त्याने स्वतःला डावीकडे, कॅनव्हासमागे उभे केले. पॅरिसमध्ये चित्रकार कॅरोल्युस-द्युराँ आपल्या विद्यार्थ्यांना वेलास्केसचाच अभ्यास करायला लावी. त्याचा शिष्य जॉन सिंगर सार्जंट १८७९ मध्ये प्रादोत गेला आणि त्याने ‘लास मेनिनास’ची लहान प्रत केली. तीन वर्षांनी पॅरिसच्या एका घरात त्याने बॉइट कुटुंबातल्या चार मुली रंगवल्या: एक पुढे गालिच्यावर बसलेली, एक डावीकडे उजेडात, आणि दोघी मागच्या अंधाऱ्या दारात, उंच जपानी फुलदाणीजवळ, अर्ध्या सावलीत.