जास्त पॉइंट काढतोय त्यालाच उचलायचं? तसं नसतंय

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारे आम्ही मोजून बाराजण. फँटसी ड्राफ्टच्या (खऱ्या खेळाडूंमधनं पाळीपाळीनं आपापली कागदावरची टीम उचलायच्या) रात्री मिसळीच्या कटावर एक वाक्य ठरलेलं: "भावा, पॉइंट जास्त काढतोय त्यालाच पहिला उचल." वर्षानुवर्षं चाललेला हा गैरसमज.

नऊ कॅटेगरीच्या लीगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नऊ वेगवेगळ्या आकड्यांवर टीमांची तुलना होते तिथं, पॉइंट म्हणजे नवातला फक्त एक रकाना. स्टार खेळाडू यानिस अँटेटोकुम्पोचंच बघा. २०२४-२५ मध्ये सामन्याला ३०.४ पॉइंट, पण फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेके) जेमतेम ६२ टक्के. तेही सामन्याला दहाच्या वर थ्रो मारून. टक्केवारी सगळ्या टीमची मिळून धरतात, त्यामुळं त्याचे हुकलेले थ्रो बाकीच्यांची कमाई खातात. (फ्री थ्रोवर पाणीच सोडायचं ठरवलं असेल तर खुशाल घ्या.) त्याच सीझनला निकोला योकिचचे पॉइंट त्याच्यापेक्षा कमी, २९.६, पण सोबत १२.७ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि १०.२ असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास).

आणि मैदानात उतरणार किती? २०२२-२३ चा टॉप स्कोअरर जोएल एम्बीड पुढच्या सीझनला ८२ पैकी ३९ सामनेच खेळला.

स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीला पाळीचा क्रम उलटा होतो) बाराजणांत पहिला नंबर लागला तर तुमची पुढची पाळी थेट चोविसावी. तोवर चांगला माल संपलेला असतोय.