दुसऱ्या दिवशीचे पाय

अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत नाव नोंदवलं की हौशी सायकलस्वार आधी किलोमीटर वाढवायला लागतो. ते हवंच. पण एका दिवसात मोठा पल्ला आणि दोन घाट मारणारे पुष्कळ असतात. खरी परीक्षा होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच पायांनी पुन्हा सुरुवात करताना. म्हणून तयारी करायची ती झीज भरून निघण्याची.

जड पायांचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडलं जातं. हा गैरसमज आता सोडायला हवा. थांबल्यानंतर तासाभरात लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं रक्तातलं रूप, जवळपास नेहमीच्या पातळीवर येतं. सकाळपर्यंत उरतात त्या स्नायूंतल्या सूक्ष्म इजा आणि रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा. हा साठा मुळातच लहान असतो: स्नायूंत साधारण 400 ते 500 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. सगळा मिळून 2000 ते 2400 किलोकॅलरी.

आता खर्च बघा. सरासरी 180 वॉटने पाच तास सायकल चालवली की पॅडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर सुमारे 3240 किलोज्यूल काम दाखवतो. एका किलोकॅलरीत 4.18 किलोज्यूल असतात, पण शरीराच्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ काटतात. त्यामुळे मीटरवर जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी शरीराने जाळल्या असं धरायला हरकत नाही. त्यातला काही वाटा चरबी उचलते, पण घाटात जोर लावला की भार ग्लायकोजेनवरच येतो.

हा साठा परत कसा भरतो, याचा एक सुंदर प्रयोग 1966 मध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारून तो पाय पुरता दमवला. पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि सुईने मांडीच्या स्नायूचे नमुने काढत राहिले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं! रक्त तेच, जेवण तेच. म्हणजे साखर ओढून घेण्याची ताकद राबलेल्या स्नायूतच येते. व्यायामामुळे ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि सुरुवातीला त्यांना इन्सुलिनचीही फारशी गरज नसते.

टप्पा संपल्यावर आंघोळ, सायकल धुणं, गप्पा आणि मग निवांत जेवण, हा क्रम म्हणूनच महागात पडतो. पहिले चार तास दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. 70 किलोच्या माणसासाठी हे तासाला 70 ते 84 ग्रॅम होतात. एरवी इतकी घाई लागत नाही, पण इथे उद्याची सकाळ ठरलेली आहे.

सायकलवर खाणंही शिकावं लागतं. आतड्यातून ग्लुकोज शोषायची वाट तासाला 60 ग्रॅमच्या आसपास तुंबते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही मिसळले तर 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं. सराव नसेल तर एवढ्याने पोट बिघडतं. पण आतडंही सरावतं. म्हणून शर्यतीतलं खाणं, त्याच प्रमाणात, काही आठवडे आधीपासून लांबच्या राइडवर घ्यावं. मला विचाराल तर महागड्या चाकांपेक्षा याचा उपयोग जास्त.

अधूनमधून लागोपाठ दोन-तीन दिवस मोठ्या राइड कराव्यात, मग हलका आठवडा घ्यावा. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर जवळपास निम्मं करावं, पण जोराचे छोटे तुकडे ठेवावेत.

शर्यतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकांचं हृदय पूर्वीइतकं वेगाने धडधडत नाही. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढलेलं असतं, ॲड्रेनलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो. ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावर मिनिटाला 165 ऐवजी 150 दिसतात, म्हणून आकडा गाठायला जोर वाढवू नये. त्या दिवशी चढावर वॉट बघावेत, आणि ते नसतील तर श्वासावर विसंबावं.