राइट बॅक म्हणजे उरलासुरला खेळाडू?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीपासून पेठेतल्या कट्ट्यापर्यंत 'सर्वश्रेष्ठ राइट बॅक (फुटबॉलमधला उजव्या बाजूचा बचावपटू) कोण' हा वाद रंगला, की मोबाइलवर एक जुना फॉरवर्ड मेसेज हमखास येतो: 'राइट बॅक म्हणजे कुठंच न बसणारा खेळाडू, पुढं चढणारे राइट बॅक तर आत्ताचं फॅड.' ऐकायला पटतं, पण तसं नाही.

१९७० च्या वर्ल्डकप फायनलमधला ब्राझीलचा चौथा गोल बघा. उजवा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, डावीकडं सरकतो, इटलीचा डावा बॅक त्याच्यामागं ओढला जातो आणि उजवी बाजू मोकळी पडते. तिथं मागून धावत येऊन गोल मारणारा खेळाडू ब्राझीलचा राइट बॅक होता, आणि संघाचा कर्णधारही! म्हणजे ही चढाई पन्नास वर्षांहून जुनी.

मग मोठेपण गोलांवर मोजायचं का? तेही नको. १९९८ च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये फ्रान्सच्या राइट बॅकनं क्रोएशियाविरुद्ध दोन्ही गोल केले. १४२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याचे गोल तेवढेच. तरी त्याला थोरांत धरतात, कारण त्याचं बचावकाम.

पडताळायचं तर या सामन्यांचं चित्रण आणि संघयाद्या सहज मिळतात. किंवा पुढच्या मॅचला दहा मिनिटं बॉल सोडून फक्त राइट बॅकवर नजर ठेवा: समोरच्या विंगरला तो कुठं वळवतो, चढल्यावर परत किती लवकर येतो, आणि तो वर असताना त्याची जागा कोण धरतं.