सिलिंडर लवकर का संपतो? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थंडी सुरू झाली की आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येतो : मागचा सिलिंडर चांगला टिकला, मग हा इतक्यात कसा संपला? वजनात खोट असावी, ही त्यामागची शंका आम्ही गैर मानत नाही. मात्र दिवस मोजून तिचे निरसन होत नाही.

एक किलो गॅसमधून सुमारे १२.८ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. त्या हिशेबाने २ किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण १५५ ग्रॅम गॅस घेतो, तर ४ किलोवॉटचा हीटर ३०० ग्रॅमहून थोडा अधिक. म्हणजे हीटर रोज पाच तास चालला तर दीड किलो त्यातच जातो. पाणीही थंड येते. ते ४० अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर २५ अंशांऐवजी १० अंशांपासून सुरुवात करताना दुप्पट उष्णता लागते.

सर्वांत वेळखाऊ चूक मात्र वेगळीच आहे : ज्योत मंदावली की सिलिंडर रिकामा समजून तातडीची मागणी नोंदवली जाते. आतील द्रवाचा वायू होताना तो स्वतःचीच उष्णता खर्च करतो, त्यामुळे मोठा हीटर लावल्यावर सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव किंवा हिमही धरतो आणि दाब उतरतो. सिलिंडरमधील गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. त्यातील प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, पण ब्यूटेन शून्याच्या जवळच थबकतो. म्हणून गॅस शिल्लक असूनही शेगडीपर्यंत पोहोचत नाही. दाबमापकाचा काटाही येथे उपयोगाचा नाही, कारण तो तापमान दाखवल्यासारखाच चालतो आणि द्रव संपत येईपर्यंत प्रमाण सांगत नाही. अशा वेळी सिलिंडर आडवा करू नये, हलवू नये आणि त्याला आच तर मुळीच देऊ नये. बर्नर बंद करून थोडा वेळ थांबावे.

खात्री वजनानेच होते. झडप बंद करून, रेग्युलेटर काढून सिलिंडर काट्यावर ठेवावा आणि त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा करावे. आमचा माणूस परत घेतलेला सिलिंडरही दारातच तोलतो. त्यात वेळ जातो अशी कुरकुर ऐकू येते, पण शिल्लक गॅस आपल्याच पैशांचा असतो.

नियमित हीटर वापरणाऱ्यांनी मोठा सिलिंडर घ्यावा. त्यात वायू अधिक सहज तयार होतो. तो, तसेच साधा ताणकाटा आमच्याकडे उपलब्ध आहे. मागणी नोंदवताना शिल्लक वजन कळवल्यास गाडीची फेरी त्याप्रमाणे लावता येते.