ब्रिक्स्टनच्या बायकांनी घरात सांभाळलेलं दप्तर

२००९ साली दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात स्थानिक दुकानांपुरतं एक चलन निघालं, ब्रिक्स्टन पाउंड. त्याच्या एक पाउंडाच्या नोटेवर ऑलिव्ह मॉरिसचा चेहरा छापला होता. कोणत्याही सरकारी पदावर नसलेली, वयाच्या २७व्या वर्षी कर्करोगाने गेलेली ही कार्यकर्ती. तिला जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि मधल्या काळात तिचं नाव जवळपास पुसलं गेलं होतं. ते परत कसं आलं, हे पाहायचं तर सुरुवात तिच्या आधीच्या एका बाईपासून करावी लागते.

क्लॉडिया जोन्स १९१५ साली त्रिनिदादमध्ये जन्मली आणि लहानपणीच न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली. कृष्णवर्णीय कष्टकरी बाई वर्गाने, वर्णाने आणि बाईपणाने अशी तिहेरी भरडली जाते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून कोणतीही डावी चळवळ पुढे जाणार नाही, असं तिने १९४९ साली रोखठोक लिहिलं. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तिला तुरुंगात टाकलं आणि डिसेंबर १९५५मध्ये देशाबाहेर काढलं. ती लंडनला आली. मार्च १९५८मध्ये ब्रिक्स्टन रोडवर, रेकॉर्डच्या दुकानावरच्या खोलीतून तिने ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू केलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले. क्लॉडियाने उत्तर दिलं ते कार्निव्हल भरवून. जानेवारी १९५९मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये तो झाला. दंगलीच्या खटल्यांत अडकलेल्या तरुणांचे दंड भरायला उत्पन्नाचा काही भाग जाईल, असं त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. नाचगाणं आणि कोर्टाचा दंड एकाच कागदावर! तिच्या राजकारणाची इतकी नेमकी ओळख मला दुसरीकडे कुठे सापडली नाही.

१९६४च्या डिसेंबरात, वयाच्या ४९व्या वर्षी ती गेली. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी तिची कबर आहे. गॅझेटच्या कामात तिच्या बरोबरीने असलेले तिचे भारतीय सहकारी अभिमन्यू मनचंदा यांच्याकडे राहिलेले तिचे कागद पुढे हार्लेममधल्या शोम्बर्ग केंद्रात पोचले. ज्या शहरातून तिला हाकललं, तिथे ते आज वाचायला मिळतात.

ऑलिव्ह जमैकातून लंडनला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. नोव्हेंबर १९६९मध्ये ब्रिक्स्टनला एका नायजेरियन मुत्सद्द्याला पोलीस गाडीवरून मारहाण करत होते. इतकी चांगली गाडी त्याची असूच शकत नाही, हा संशय. सतरा वर्षांची ऑलिव्ह मध्ये पडली. तिलाही बेदम मारलं. केस बारीक कापलेले असल्याने, मुलगी आहेस हे दाखव म्हणून कपडे काढायला लावले. वर पोलिसांवर हल्ला केल्याचा ठपका तिच्यावरच.

पुढे ती ब्रिटिश ब्लॅक पँथर या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेत गेली. पँथर हे नाव आपल्याकडे १९७२च्या दलित पँथरमुळे घरोघरी ठाऊक आहे. पण लंडनच्या पँथरमध्ये भारतीयही होते, पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी त्यांतले एक. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ ही राजकीय ओळख होती, आणि आफ्रिकी, कॅरिबियन, आशियाई सगळे तिच्याखाली एकत्र येत. म्हणून ‘कृष्णवर्णीय’ हा आपला शब्द इथे अपुरा पडतो.

१९७३मध्ये ऑलिव्ह आणि तिची मैत्रीण लिझ यांनी १२१ रेल्टन रोडवरच्या रिकाम्या इमारतीचा ताबा घेतला. बाहेर काढायला माणसं आली की ऑलिव्ह छपरावर चढून बसायची. छपराकडे चढणाऱ्या ऑलिव्हचा फोटो १९७९च्या एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, बेघरांनी रिकामी घरं कशी मिळवावीत हे सांगणाऱ्या. त्याच घरात पुस्तकांचं दुकान चाललं आणि ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुपच्या बैठका भरल्या. पुरुषांच्या संघटनांत पत्रकं वाटायला आणि चहा करायला पुढे, निर्णयाला मात्र मागे, हा अनुभव या बायकांना पुरेसा आला होता. गोऱ्या स्त्रीवाद्यांच्या मागण्यांत त्यांची मुलं, त्यांचे पोलीस, त्यांचे व्हिसा कुठेच नव्हते.

१९७८मध्ये ‘ओवाड’ (ऑर्गनायझेशन ऑफ विमेन ऑफ आफ्रिकन अँड एशियन डिसेंट) ही अशा बायकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. सुरुवातीच्या नावात फक्त आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया होत्या. लवकरच त्यात आशियाई स्त्रियांची भर पडली. मार्च १९७९मध्ये ब्रिक्स्टनच्या अबेंग सेंटरला पहिली परिषद झाली, अडीचशेहून अधिक बायका आल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ केल्याचं उघड झालं होतं. ओवाडच्या बायका हीथ्रोवर जाऊन निषेधाला बसल्या. एका भारतीय बाईच्या अपमानासाठी जमैका, घाना, गयानाच्या लेकी रस्त्यावर आल्या, ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं. जुलैमध्ये ऑलिव्ह गेली. मतभेद वाढत जाऊन १९८२च्या सुमारास संघटनाही विखुरली.

मागे राहिले ते कागद. सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं, बैठकांच्या नोंदी, पत्रं, फोटो. कुठल्याही सरकारी दफ्तरात त्यांना जागा नव्हती, म्हणून बायकांनी ते घरोघरी खोक्यांत भरून ठेवले. ओवाडच्या संस्थापकांपैकी स्टेला डॅड्झी यांचा संग्रह आज ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्जमध्ये आहे. ही संस्था १९८१ची. त्या जानेवारीत लंडनच्या न्यू क्रॉस भागात एका घरातल्या पार्टीत लागलेल्या आगीत १३ तरुण कृष्णवर्णीय मुलंमुली गेली, एप्रिलमध्ये पोलिसांविरुद्धच्या दंगलींत ब्रिक्स्टन पेटलं, आणि आपला इतिहास आपणच ठेवायचा हे लोकांनी ठरवलं. तिला ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकात स्वतःची कायमची वास्तू मिळायला मात्र २०१४ उजाडलं. तिथलं पहिलं प्रदर्शन ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवरचं होतं.

ऑलिव्हच्या नावाने १९८६मध्ये लॅम्बेथ कौन्सिलने (ब्रिक्स्टन जिच्या हद्दीत येतं ती स्थानिक पालिका) ब्रिक्स्टन हिलवरच्या आपल्या एका कार्यालयाची इमारत ओळखली जाईल असं केलं. घरांचे ताबे घेणाऱ्या मुलीचं नाव कौन्सिलच्या दारावर लागलं, पण आत-बाहेर करणाऱ्या बहुतेकांना ती कोण हे माहीत नव्हतं. २००८मध्ये आना लॉरा लोपेझ दे ला तोर्रे ही कलावंत आणि लिझ यांनी एक गट जमवला. त्यांनी ऑलिव्हच्या सोबत्यांच्या मुलाखती घेतल्या, लिझने इतकी वर्षं सांभाळलेले कागद लावले आणि सगळं लॅम्बेथच्या अभिलेखागाराला दिलं. नोटेवरचा चेहरा आला तो या खटपटीच्या काळात.

कौन्सिलची ती इमारत पुढे पाडली गेली. लॅम्बेथचं अभिलेखागार मात्र आता ब्रिक्स्टन हिलवरच, नव्या वास्तूत आलं आहे. ऑलिव्हची खोकी तिथे मागून पाहता येतात.