नैराश्य बाळंतपणाआधीचं: गोव्यातल्या अभ्यासांची पार्श्वभूमी

बाळंतिणीचं रडणं, झोप उडणं घरच्यांच्या नजरेत भरतं, म्हणून नैराश्यावरचं संशोधनही बरीच वर्षं बाळंतपणानंतरच सुरू व्हायचं. 1987 साली आलेली, नैराश्य हेरणारी एडिनबरा प्रश्नावलीसुद्धा मुळात बाळंतिणींसाठीच होती. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. थकवा आणि भूक यांबद्दल त्यात विचारतच नाहीत, कारण ती लक्षणं आजार नसतानाही असतात. गरोदरपणीही ती वापरता येते ती यामुळेच.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या 270 बायकांची शेवटच्या तिमाहीत नोंद केली. 2002 साली निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. आजार जुनाच, नाव तेवढं बाळंतपणानंतर मिळालं. सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक जणी सावरल्या नव्हत्या. कारणांत पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते. मुलगी झाली की नवऱ्याची मारहाण आणि उपासमार जास्तच बाधायची. पुढच्याच वर्षीच्या अहवालात या आजारी आयांची बाळं सहा महिन्यांची असताना वजनाला, उंचीला कमी आणि बौद्धिक वाढीतही मागे दिसली.

हे घडतं कसं? खिन्न बाई जेवत नाही, लोहाच्या गोळ्या फडताळात पडून राहतात, तपासणीची तारीख चुकते. मूल दिवस भरण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. अंगावर पाजणंही लवकर सुटतं. ताणाच्या संप्रेरकांचाही वाटा मानतात, पण गरीब घरात पहिला संशय ताटावरच घ्यावा.

म्हणून पुढे गोव्यातच उपचार गरोदरपणात सुरू करून पाहिले गेले. नैराश्य मोजणाऱ्या, नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू चाचणीत 10 किंवा अधिक गुण असलेल्या 280 गरोदर बायका निवडल्या आणि वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका त्यांच्याशी बोलायला जाऊ लागल्या. 2019 साली प्रसिद्ध झालेला फायदा माफकच होता.

व्यवहारात गाडं अडतं ते दोन ठिकाणी. थकवा, झोप, भूक पीएचक्यूत असल्याने नुसत्या गुणांवर निदान होत नाही. रक्तक्षय आणि थायरॉइड आधी तपासावं लागतं. दुसरं म्हणजे माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी गेली की आरोग्य केंद्र बदलतं, तेव्हा मनाच्या तपासणीची नोंद कार्डावरच हवी. नैराश्याच्या चालू गोळ्या गरोदर राहिल्याचं कळताच स्वतःहून बंद केल्या तर आजार उलटू शकतो; डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. जीव नकोसा झाल्याचं उत्तर आलं, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे आणि 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा.